वाफ्यासाठी पहिला नंबर

माझा कधीतरी पहिला नंबर यावा अशी आमच्या वडिलांची फार इच्छा होती. शाळेत तो काही आला नाही. आला तो सत्तरी उलटल्यावर, वसमतजवळच्या कृतार्थ नगर ज्येष्ठ नागरिक वसाहतीत, आणि तो आल्यापासून लोक माझ्यासमोर खोकेनासे झाले.

त्याचं असं आहे. वसाहतीच्या मागं सामाईक बाग आहे. बागेत वाफे मोजकेच, अन् हात शिवशिवणारे म्हातारे भरपूर. बाग समितीचे अध्यक्ष गुलाबसिंग ठाकूर. हा माणूस जन्मभर भूमी अभिलेख खात्यात लोकांच्या जमिनी मोजून रिटायर झाला, पण मोजणी काही त्याच्या अंगातून गेली नाही. त्यानं नियम केला की सभासद हयात असेपर्यंत वाफा त्याचा, अन् तो गेला की नंबरात पुढं असेल त्याचा. नियम ऐकायला मोठा न्यायाचा वाटतो. पण नंबरात पहिला असलेल्या माणसानं शेजाऱ्यापाजाऱ्यांत तोंड कसं दाखवावं, याचा विचार समितीनं केला नव्हता.

मी कुणाला "कसं काय, बरं हाय ना?" एवढं जरी विचारलं तरी माणूस छाती पुढं काढून "एकदम ठणठणीत!" म्हणायचा अन् तरातरा निघून जायचा. खुद्द गुलाबसिंगला एकदा माझ्यासमोर शिंकांवर शिंका आल्या. नाक पुसून तो म्हणाला, "घाई करू नका उत्तमराव. सर्दी हाय निस्ती." मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. हिंगोलीच्या स्टँडवर माझ्या एका शब्दावर कनेरगाव नाक्याची गाडी सुटायची अन् सेनगावची थांबून राहायची. अशा माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

बरं, मला स्वतःला बागेचा शौक असता तर गोष्ट वेगळी. मेथी अन् कोथिंबीर मला जुडी बांधलेली असली तरच ओळखू येते. वाफा पाहिजे होता तो आमच्या मंडळींसाठी, पार्वतीबाईसाठी. सेनगावकडं आमचं शेत होतं. मी डेपोत माइक धरून बसायचो अन् सोयाबीन, तूर, गडीमाणसं, बैल, सगळं ती बघायची. गुडघे गेले, दवाखाना जवळ पाहिजे म्हणून पोरानं, मुन्नानं, पुण्यात बसून फोनवरच आमची इथं व्यवस्था केली. दुसरा मजला मिळाला. लिफ्टचा खड्डा तयार होता, लिफ्ट मंजुरीत होती. ती अजून मंजुरीतच आहे.

आणि इथं आल्यापासून बायको बोलायची बंद झाली. ही बाई जन्मभर मला झापत आली होती. चप्पल कुठं काढली, पंचा कुठं टाकला, नातेवाइकांत काय बरळलो, कशावरूनही. इथं आल्यावर तिचे तीनच शब्द उरले, "व्हय", "न्हाई" अन् "जेवा". दिवसभर खिडकीत बसायची अन् मागच्या मातीकडं बघायची. मुन्ना फोनवर म्हणायचा, "आई किती शांत झाली ना बाबा!" अरे बाबा, शांत कशाची, बाई माझ्या डोळ्यांदेखत विझून राहिली होती. मला रात्रंदिवस त्याचीच भीती वाटायची.

आधी मी कुंड्यांचा प्रयोग करून पाहिला. ती म्हणाली, "कुंडीत काय व्हतंय?" तरी मी आणल्या. गॅलरीत ठेवल्या, भरपूर पाणी घातलं. ते पाणी गळून तळमजल्यावरच्या धुरपताबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. धुरपताबाई वर आल्या, ओला पापड माझ्या हातावर ठेवला अन् म्हणाल्या, "खा आता." कुंड्या गेल्या. मी वाफ्यासाठी नंबर लावला, अन् दैवाची थट्टा अशी की माझ्या पुढच्यांचे नंबर भराभर लागले अन् मी पहिला येऊन बसलो.

वाफेवाल्यांत सगळ्यात वयस्क होते आमच्या खालच्या मजल्यावरचे जहांगीरभाई. वसमतच्या मोंढ्यात जन्मभर हळदीची आडत केलेला माणूस. मूठभर हळकुंडं नुसती वाजवून ती कोणत्या शिवारातली ते सांगायचे. उतारवयात त्यांना हौस आली की आपल्या हातानं एकदा हळद लावावी. खिडकीखालच्या वाफ्यात त्यांनी ती लावली होती, अन् दम्यानं बेजार असले तरी रोज खुर्ची टाकून तिच्यापाशी बसायचे. माझं त्यांचं बरं जमायचं. थंडी सुरू झाली तसा त्यांचा दमा वाढला. मी ओव्याचा काढा घेऊन गेलो, एकदा डाळिंबं घेऊन गेलो. जिन्यात धुरपताबाईंनी मला गाठलं.

"बघून आलात?"

"व्हय."

"काय म्हन्तेत मग डॉक्टर? काढतेल का हा हिवाळा?" हे विचारताना त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं असं बघितलं, की जसा काही मी वाफ्याचं माप घेऊन आलोय.

मी जाणंच बंद केलं. तर जहांगीरभाईंनी निरोप धाडला, पहिला नंबरवाला काहून येऊन नाही राहिला म्हणून. गेलो. ते उशांना टेकून बसले होते, हसले अन् हसता हसता खोकले. "अहो उत्तमराव, लाजता कायला? मी गेलो की वाफा तुमचाच. बराबर हाय ते. पन हळद काढल्याबगर मी जानार न्हाई, तेवढी तकलीफ तुम्हाला सोसावी लागंल." मी म्हटलं, भाई, शंभर वर्षं जगा, मला वाफा नको. हे मी खरंच मनापासून म्हणालो. पण खोलीत बसलेल्या कुणाच्याही तोंडावर त्यावर विश्वास बसल्याचं दिसलं नाही.

दिवाळी झाली अन् जहांगीरभाई गेले. हळद उभीच होती.

मी जनाज्याला खांदा दिला. कब्रस्तानात मूठभर माती टाकली, रडलोही. परत येतो तर फाटकात गुलाबसिंग उभा. हातात बागेच्या नळाची चावी. "उत्तमराव," तो घसा साफ करून म्हणाला, "या प्रसंगी बोलू नये, पन तुमचा नंबर लागला." आजूबाजूला मयतीहून परतलेली माणसं. सगळे थांबून माझ्याकडं बघायला लागले. मी ती चावी घेतली नाही.

गुलाबसिंगच्या नियमात एक पोटनियम होता. सभासदाच्या मागं त्याची बायको वाफा पुढं चालवू शकते, फक्त तिनं पंधरवड्याच्या आत स्वतः वाफ्यावर येऊन समितीसमोर तसं सांगायचं. आता जहांगीरभाईंच्या बेगम कमरुन्निसाभाबी बसलेल्या इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिन्यांच्या वर घराबाहेर पडायचं नाही, हा त्यांच्यातला रिवाज. मी गुलाबसिंगला म्हटलं, त्या खिडकीतून सांगतील की. वाफा खिडकीच्या खालीच तर आहे.

"खिडकी म्हंजी स्थळ न्हाई," गुलाबसिंग म्हणाला. "नियमात 'प्रत्यक्ष स्थळी' असं हाय."

"अरे पण रिवाज असतो माणसाचा!"

"माझं काय म्हननं हाय? रिवाजाला माझा विरोधच न्हाई. पोटनियमात तो बसत न्हाई, एवढंच."

या माणसाशी मी सकाळी बोललो, संध्याकाळी बोललो, समितीच्या बैठकीत उभा राहून बोललो. बैठकीत धुरपताबाई हळूच शेजारणीला म्हणाल्या, "आधी नंबर लावायचा, अन् मंग नको नको म्हनायचं." मुदत संपली, वाफा माझ्या नावावर चढला अन् चावी माझ्या दारात ठेवून गुलाबसिंग निघून गेला.

मी चावी घेऊन पार्वतीबाईपुढं गेलो. वाटलं, काही का होईना, हिला माती तर मिळाली. म्हटलं, "वाफा आपला झाला."

ती फटकन उठली. "जळ्ळं तुमचं तोंड! मेल्या मानसाच्या उभ्या पिकात शिरायला सांगून राहिले मला? ती बाई तिथं दारामागं बसलेली, अन् आपन तिच्या मालकाची हळद दाबायची? लाज हाय का काही? आपल्या सात पिढ्यांत कुनी कुनाच्या उभ्या पिकाला हात लावला न्हाई, अन् तुमी एसटीत राहून राहून..." एसटीत राहून माझं काय झालं याचं तिनं बरंच वर्णन केलं. ते इथं सांगण्यासारखं नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो अन् मनातून निवत होतो. किती महिन्यांनी बाई बोलली होती!

मग गुडघ्यावर हात ठेवत ठेवत ती जिना उतरली, वाफ्यापाशी उभी राहिली अन् वर बघून ओरडली, "भाबी! वाफा मेल्यांनी आमच्या नावावर केलाय! पीक तुमचंच हाय! मी निस्तं पानी घालते!"

खिडकी किलकिली झाली. आतून रडून बसलेला आवाज आला, "डाल. पन इत्ता नक्को डाल."

"इत्ता म्हंजी किती?"

"तू डालने लगी उतना नक्को."

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. खाली पार्वतीबाई, वर खिडकीत कमरुन्निसाभाबी, अन् मधे हळद. गंमत अशी की अख्ख्या वसमत तालुक्यात हळद न लावलेल्या ज्या काही चार-दोन बाया असतील त्यातल्या या दोघी. भाबींनी जन्मभर बघितली ती वाळलेली, पोत्यात भरलेली हळद. पार्वतीबाईच्या रानात पाणीच नव्हतं, तिनं केली तूर अन् सोयाबीन. पण दोघीही असं बोलायच्या की हळद यांच्याच अंगणात उगवली अन् मग जगात पसरली.

"भाबी, पानं पिवळी पडून राहिली! रोग हाय!"

"अगे रोग कायका? हळद पिवली होती तो पत्ते बी पिवले होनार! हरे रह्यते क्या?"

"मंग तुरीची पानं काय डाळीच्या रंगाची असतेत व्हय?"

यावर वरून खिडकी धाडकन बंद व्हायची. पाच मिनिटांनी परत उघडायची. "अगे पार्वती, हैस का गेलीस?"

"हाय की. जातेय कुठं?"

धुरपताबाईंच्या घरी मात्र खरोखर हळद पिकायची. त्या येऊन म्हणाल्या, ताक टाका. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ताक कुनी सांगितलं, राख टाका. गुलाबसिंग टेप घेऊन आला अन् हळद शेजारच्या वाफ्यात बोटभर सरकल्याचं दाखवून गेला. शिवाय तालुकाच हळदीचा, त्यामुळं येणारा-जाणारा हरेक जण "भरली का बघू" म्हणून बोटानं माती उकरायचा, हळदीचा कांदा चाचपायचा अन् मान हलवत निघून जायचा. एकानं बघितलं की दुसऱ्याचा त्याच्यावर विश्वास नसे, तोही उकरून बघे. शेवटी वाफ्याच्या एका कडेला काहीच उरलं नाही. तरी बरं, हळद भरली असं खोटं कुणी म्हणालं नाही.

पानं भाबींना जवळून बघायची असायची. पार्वतीबाईच्या गुडघ्यांना पानापानासाठी जिना जमेना, अन् मी परका पुरुष, दारात जाऊन उभा राहणं बरं दिसत नाही. म्हणून भाबींनी खिडकीतून दोरीनं टोपली सोडायला सुरुवात केली. खालून पान जायचं, वरून कधी शीरखुर्मा यायचा. गुलाबसिंगची नोटीस आली की इमारतीच्या दर्शनी भागावर दोरी लोंबकळवणे नियमबाह्य आहे. मी त्याला नेऊन दाखवलं की ही मागची बाजू आहे. तो म्हणाला, "बागेकडून बघितलं तं दर्शनीच हाय." पार्वतीबाईनं त्याच्याकडं बघितलं मात्र, अन् टेप गुंडाळून तो चालता झाला. मला फार अभिमान वाटला.

वसाहत कंटाळली होती. दुपारी झोप मोडते म्हणून तक्रारी यायच्या, अन् त्या माझ्याकडं यायच्या, कारण वाफा माझ्या नावावर. मी सगळ्यांची माफी मागत हिंडायचो. घरी पार्वतीबाई जेवताना सांगायची, भाबी अशी म्हनली, मी अशी म्हनले, तिला काही कळत न्हाई, जहांगीरभाई हिला कसे नांदवत होते अल्ला जाने. सांगता सांगता मला वाढायचं विसरायची. मी भाकरी हातानं घ्यायचो. इतक्या सुखात मी नोकरीतसुद्धा जेवलो नव्हतो.

शिमग्याच्या आधी हळद काढली. लहान, वाकडी, पण निघाली. ती शिजवायला हवी म्हणून बागेत तीन दगड मांडून घमेलं ठेवलं. वरून भाबी, "फेस आया क्या? फेस!" खालून पार्वतीबाई, "धूर आलाय, फेस कशाचा दिसतोय?" धूर तीन मजले चढला. गुलाबसिंग वाळूची बादली घेऊन पळत आला अन् कुणी काही म्हणायच्या आत ती त्यानं चुलीवर रिकामी केली. अर्धी वाळू घमेल्यात गेली. उरलेली हळद धुऊन, वाळवून दोघींनी वाटून घेतली. पार्वतीबाईनं भाबींचा वाटा टोपलीत घातला, वर आणखी आपल्यातलं मूठभर घातलं. वरून टोपली परत आली, त्यात ते मूठभर तसंच होतं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. पुढच्या लागवडीसाठी बेणं म्हणून थोडे कांदे न शिजवता राखून पार्वतीबाईनं ते सावलीत पाल्याखाली झाकून ठेवले. भाबी बाहेर आल्या की वाफा त्यांच्या हवाली करायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं. दगडधोंडा वेचून तिनं तो तव्यासारखा साफ केला.

इद्दत संपली त्याच दिवशी भाबींचा मुलगा फहीम नांदेडहून गाडी घेऊन आला. आता अम्मीला एकटं ठेवणार नाही म्हणाला. गुणी मुलगा आहे, त्याला बोल लावता येत नाही. सामान गाडीत चढलं. भाबी त्याच्या हाताला धरून जिना उतरल्या अन् मागं बागेत आल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा दोघी वाफ्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बागेत पाय ठेवायला जागा उरणार नाही असं भांडतील. पण भाबींनी वाफ्याकडं बघितलं. "साफ रखी तूने," एवढंच म्हणाल्या. पार्वतीबाई म्हणाली, "व्हय." भाबींनी तिचा हात हातात घेतला, मातीचा होता तो, अन् बराच वेळ सोडला नाही. मग फहीम हळूच "अम्मी" म्हणाला, अन् गाडी गेली.

वाफा आमचा झाला. खराखुरा, कुणाचं काही म्हणणं नसलेला. आणि पार्वतीबाई परत खिडकीत जाऊन बसली.

"खाली जातीस का?"

"न्हाई."

"बरं वाटून नाही राहिलं का?"

"व्हय."

"व्हय म्हणजे काय?"

"जेवा."

चैत्राचं ऊन. वाफ्याला भेगा पडल्या. खालच्या मजल्यावरची ती खिडकी बंद. मी मुन्नाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, आई परत शांत झाली का? छान." मी फोन ठेवून दिला. गुलाबसिंग आणखी एक पोटनियम घेऊन आला, वाफा पडीक दिसतो, महिनाभरात लागवड झाली नाही तर पुढचा नंबर. पुढचा नंबर होता शिलाताईंचा, रिटायर हेडमास्तरीण. त्या दोन दिवसांनी आमच्याकडं आल्या, डाळिंबं घेऊन. पार्वतीबाईच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "किती सुकल्या हो! काही खाताय की नाही?" मी त्यांच्याकडं बघत बसलो. चांगली बाई आहे, तिच्या मनात काही नसणार. पण मी ती डाळिंबं कापली नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी उठलो. पाल्याखालचं बेणं काढलं, खुरपं घेतलं अन् खाली गेलो. धुरपताबाई ओसरीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अवो, हळद अखाजीच्या पुढं लावतेत." अक्षय तृतीयेला अजून अवकाश होता, पण मी ऐकलं नाही. नळाची चावी फिरवली, पाइप वाफ्यात सोडला अन् त्या उन्हात, त्या चिखलात उकिडवा बसून एक एक कांदा खुपसायला लागलो. कांद्याला वरची बाजू कोणती अन् खालची कोणती हे मला माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. लोक नंतर काहीही म्हणोत. लेंगा भिजला, टोपी पडली. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्यांत डोकी आली. गुलाबसिंग कट्ट्यावर बसून बघत होता. माझ्या आयुष्यात माझी इतकी शोभा कधी झाली नव्हती. मी फक्त आमच्या खिडकीकडं बघत होतो. तिथं कुणी नव्हतं.

एक ओळ झाली. दुसरी निम्मी झाली.

"अवो!"

सगळी बाग दचकली.

"अवो, अक्कल हाय का तुमाला? भर दुपारच्या उन्हात पानी सोडतेत व्हय कुनी? अन् ही काय हळद लावायची येळ हाय? अन् ते कांद्याचे डोळे! डोळे खाली करून लावून राहिले, वर काय बूड उगवनार हाय त्याचं? काहून असं करून राहिले तुमी? आता कुनी सांगायला न्हाई म्हनून..." इथं तिचा आवाज मधेच फाटला.  मग जोरात, "हात लावू नका! आले मी! हात लावू नका कशाला बी!"

गुलाबसिंग खो-खो हसत होता. धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला होता, त्या हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही. जिन्यात तिचं बोलणं ऐकू यायला लागलं. प्रत्येक पायरीला एकदा गुडघ्याला शिवी अन् एकदा मला. पहिल्या मजल्यावर, भाबींच्या बंद दारापाशी, ती जरा थांबली. मग परत बोलत बोलत उतरायला लागली.

ती खाली येईपर्यंत मी आणखी दोन कांदे उलटे लावून ठेवले.